इंगोले मामांची रांग

“कोन्या गावच्या?”

“बोरगव्हाण.”

“या, अशा फुडं या. आन् तुमी, मावशी?”

“हितलीच की मी. बाजार गल्ली.”

“मग बसा जरा बाकावर. घाई हाय का काही?”

सकाळचे पावणेअकरा वाजले होते. ग्रामीण रुग्णालयातले इंगोले मामा केसपेपरच्या खिडकीपासून डॉक्टरांच्या दारापर्यंत लागलेली रांग गहू निवडावेत तशी निवडत होते. एकाला दंडाला धरून पुढे काढायचे, दुसऱ्याला बाकावर बसवायचे, तिसऱ्याला नुसती मान हलवून थांबायला सांगायचे. लोकही मुकाट ऐकत होते. माझं मात्र डोकं तडकलं. माझ्या अभ्यासाचा पहिला दिवस, आणि हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत माझी आकडेवारी नासवत होता.

“मामा, हे काय चाललंय?”

“कुठं काय? रांग लावायलोय.”

“रांग लागलेली आहे. तुम्ही ती मोडताय.”

मामा हसले. साठीला आलेला माणूस, खाकी शर्टाची वरची दोन बटणं उघडी, पायात झिजलेल्या चपला. “आवो म्याडम, लांबचे लोक हायत. त्यास्नी—”

“कारण नको,” मी म्हणाले. “एकाचं कारण ऐकलं की सगळ्यांची ऐकावी लागतात. माझ्या चिठ्ठीवर नंबर आहे ना? त्या नंबरानेच आत सोडायचं. आठवडाभर तरी.”

मामांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे. साहेबलोकांशी दुसऱ्यांदा वाद घालायचा नाही, हे त्यांनी तीस वर्षांच्या नोकरीत ठरवून टाकलेलं असावं. “बरं,” ते म्हणाले, आणि पुढे काढलेल्या बाईला पुन्हा मागे नेऊन उभं केलं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. शिक्षणाने दातांची डॉक्टर. दोन वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात लोकांच्या दाढा उपटल्यावर मला साक्षात्कार झाला, की एकेक माणूस बरा करत बसण्यापेक्षा दवाखानेच बरे केले पाहिजेत. म्हणून मी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, त्यातही आरोग्यसेवांच्या संशोधनाची शाखा. आई नातेवाइकांना सांगताना गडबडून जायची. माझा भाऊ म्हणायचा, “केतकी आता सरकारची दाढ उपटणार आहे.” मला त्याचा राग यायचा, पण खरं सांगायचं तर मनातून मला तसंच काहीतरी वाटत होतं.

प्रबंधाचा विषय होता, ग्रामीण रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णाला किती वेळ थांबावं लागतं. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या कोणी माझं वाईट केलेलं नाही.

पद्धत साधी होती, आणि मला तिचा भारी अभिमान होता. गुलाबी कागदाच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या होत्या. केसपेपर काढला की मी रुग्णाच्या हातात एक चिठ्ठी द्यायची. तिच्यावर नंबर आणि आल्याची वेळ. डॉक्टरांच्या दाराशी मामांनी आत गेल्याची वेळ टाकायची, इंजेक्शनच्या खोलीत सिस्टरने, आणि शेवटी औषधाच्या खिडकीवर चिठ्ठी जमा. प्रत्येक चिठ्ठीची अर्धी प्रत माझ्या वहीत, तीवर नाव, गाव, केसपेपरचा नंबर. सगळ्या भिंतींवरची घड्याळं मी स्वतः खुर्चीवर चढून जुळवली होती. आणि प्रत्येकाला मी बजावून सांगायची, “ही चिठ्ठी हरवू नका हं. शेवटपर्यंत सांभाळा.”

सोमवार, मंगळवार, बुधवार. मामा आता गावं विचारत नव्हते. दाराशी स्टुलावर बसून नुसते नंबर पुकारत. रांग फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ लागायची. रुग्णालयाचे अधीक्षक डॉ. बिडवे मंगळवारी बाहेर आले, दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, “धारूरकर मॅडम, तुम्ही तर जादूच केली. इथे रोज वशिल्यावरून भांडणं व्हायची.”

“तुमच्या मामांमुळेच,” मी उदारपणे म्हणाले. मामांनी ऐकलं, पण मान वर केली नाही.

गुरुवारी गर्दी फार होती. बारा वाजून गेले असतील. मी खिडकीशी बसून चिठ्ठ्यांवर वेळा टाकत होते, हात दुखायला आले होते. मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“म्याडम, ह्या सासूसुनेला फुडं जाऊ द्यायचं का? नुस्तं सिस्टरकडं.”

“नंबर किती?”

“एकशे अठरा.”

“आत्ता किती चालू आहे?”

“त्र्याऐंशी.”

“मग थांबतील की, मामा. बाकीचे थांबलेतच ना?”

मामा एक क्षण तसेच उभे होते. मी वर पाहिलं नाही. मला पुढच्या चिठ्ठीवर बारा वाजून सोळा मिनिटं लिहायची होती, आणि बोलण्याच्या नादात सतरा झाली असती.

शुक्रवारी अभ्यास संपला. शनिवार-रविवार मी लॉजच्या खोलीत चिठ्ठ्या मोजल्या. पाच दिवसांत सहाशे बारा चिठ्ठ्या दिल्या होत्या. परत आल्या पाचशे एकोणसत्तर. थांबण्याचा सरासरी वेळ निघाला अठ्ठ्याण्णव मिनिटं. मला दोन तासांच्या वर अपेक्षित होता. नुसता नंबर लावून रांग सरळ केली तरी केवढा फरक पडतो, हे माझ्याकडे आता आकड्यांत होतं. मी एकटीच खोलीत फेऱ्या मारत होते. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण डोक्यात तयारही झालं होतं. जिल्ह्यातल्या सगळ्या रुग्णालयांत चिठ्ठी-पद्धत सुरू करावी, वगैरे वगैरे.

सोमवारी सकाळी माझ्या मार्गदर्शक निमकर मॅडमना फोन केला. मॅडम मोजकं बोलायच्या, आणि त्यांच्या मोजक्या बोलण्याची आम्हां मुलांना धडकी भरायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“केतकी, ते त्रेचाळीस कोण?”

“कुठले त्रेचाळीस?”

“ज्यांच्या चिठ्ठ्या आल्या नाहीत.”

“मॅडम, चिठ्ठ्या हरवल्या असतील. लहान मुलांच्या हातात देतात, खिशात राहतात. शंभरात सातच तर आहेत. गहाळ म्हणून गाळून टाकते.”

“चिठ्ठ्या हरवल्या की माणसं?”

मी वहीची पानं उलटायला लागले.

“कागद गहाळ झाला असेल तर गाळ,” मॅडम म्हणाल्या. “माणूस निघून गेला असेल तर त्याला गाळून तू काढलेली सरासरी ही फक्त थांबलेल्यांची सरासरी आहे. आधी बघून घे आणि मग मला सांग.”

फोन ठेवला आणि मी चरफडले. पंधरा दिवसांत प्रबंधाचा कच्चा खर्डा द्यायचा होता. तो दिला नाही तर सहा महिने पुढे, म्हणजे पुढच्या तुकडीबरोबर, म्हणजे घरी पुन्हा “अजून शिकतेयस का?” हे सगळं आलंच. तरी वही घेऊन बसले. त्रेचाळीस अर्ध्या प्रती फाडून पलंगावर मांडल्या. आधी वयाप्रमाणे लावल्या, काही दिसेना. मग दिवसाप्रमाणे लावल्या, तरी काही नाही. मग गावाप्रमाणे लावायला घेतल्या आणि माझा हात थबकला. बोरगव्हाण, पिंपरी, बोरगव्हाण, सावरखेडा, पिंपरी, पुन्हा बोरगव्हाण. त्रेचाळीसपैकी एकतीस चिठ्ठ्या एकाच रस्त्यावरच्या चार गावांच्या होत्या. सगळ्यांची आल्याची वेळ साडेदहा ते अकराच्या मधली.

अस्वस्थ म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. चहा घेतला, तो गार झाला. आंघोळ करून पुन्हा त्याच चिठ्ठ्यांपाशी येऊन बसले. काहीतरी समजत होतं आणि ते समजू नये असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बिडवे सरांची परवानगी घेतली आणि बसस्थानकावर गेले. बोरगव्हाणची गाडी एक वाजून दहा मिनिटांनी सुटते, असं फळ्यावर होतं. गाडी भरत आली होती. मी कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसले.

“ही गाडी गेल्यावर पुढची कधी?” मी विचारलं.

“साडेसहाला. ती मुक्कामी जाती.”

“मधे काहीच नाही?”

“मधे काय राहनार, म्याडम? सकाळी साडेधाला आणतो, एक धाला परत नेतो. ही चुकली की मानूस साडेसहापस्तोर हितंच पडला.” तिकीट फाडत तो म्हणाला, “नवीन दिसताय. दवाखान्यातल्या का? मागल्या आठवड्यात काय झालतं दवाखान्यात?”

“का?”

“न्हाई, इंगोले मामा आपल्या गाडीचं मानूस बारा-साडेबाराला मोकळं करतोय. गाडी कधी जाती हे डेपोपेक्षा त्याला जास्ती ठावं हाय. मागल्या आठवड्यात मात्र लोक गाडी सुटता सुटता पळत यायलेते, नंबर लागला न्हाई म्हनत. मी एक दिवस पाच मिनिटं थांबिवली गाडी. रोज कशी थांबवू?”

गाडी सुरू झाली होती. मला उतरून जावंसं वाटलं. मामा वशिल्याने नाही, घड्याळाने रांग लावत होते. फक्त त्यांचं घड्याळ भिंतीवरचं नव्हतं, एसटीचं होतं. साडेदहाला उतरणाऱ्या माणसाला शंभराच्या पुढचाच नंबर मिळणार, आणि शंभराच्या पुढचा नंबर एक दहाच्या आत लागणार नाही. हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते गाव विचारत होते. मी त्यांचं वाक्य अर्ध्यात तोडलं होतं.

बोरगव्हाणला उतरले तेव्हा सव्वादोन झाले होते. माझ्याकडे त्या गावच्या चौदा चिठ्ठ्यांची यादी होती. पहिल्या तीन घरी माणसं भेटली. गुडघा दुखणारे एक आजोबा, खोकला झालेलं एक मूल, कान फुटलेला एक माणूस. तिघांचंही उत्तर तेच. “गाडी होती ना, बाई.” कोणाची तक्रार नव्हती. मी फॉर्मवर कारण लिहीत गेले, आणि मला थोडं हायसंही वाटायला लागलं. मोठं काही बिघडलेलं नाही, असं मी मनाशी म्हणत होते.

चौथी चिठ्ठी एकशे अठरा नंबरची होती. राजकन्या डोईफोडे, वय चोवीस, गुरुवार.

पत्र्याचं दोन खोल्यांचं घर. ओट्यावर सासू शेंगा फोडत बसली होती. मी दवाखान्यातून आले म्हटल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं. “गयाबाई म्हनत्यात मला. या, आत या. ती आतच हाय.”

आत भिंतीला टेकून एक बाई बसली होती. कानाला घट्ट फडकं बांधलेलं, अंगात या उन्हाचं स्वेटर. बाळंतीण, हे बघताच कळत होतं. मी खोलीभर नजर फिरवली. कुठे पाळणा नव्हता, दुपटं नव्हतं, धुरीचा वासही नव्हता. कोपऱ्यात पाचेक वर्षांची एक मुलगी पाटीवर रेघोट्या मारत होती.

“मॅडम,” राजकन्या मला बघून उठायला लागली. “बसा ना. तुमीच का त्या खिडकीतल्या?”

“बसून राहा. उठू नका,” मी म्हणाले. “काय झालं?”

सांगितलं सासूनेच. गुरुवारी सुनेचं डोकं फार दुखत होतं, पायावर, तोंडावर सूज होती, डोळ्यांपुढे अंधारी यायची. आठवा भरत आला होता. म्हणून दवाखान्यात आणली. तपासणीचा वार नव्हता, पण म्हटलं बघतील. नंबर लागला नाही. गाडीने परत आल्या. शनिवारी पहाटे सुनेला झटके आले. जीप करून थेट जिल्ह्याला नेली. तिथल्या डॉक्टरांनी बाई वाचवली. पोरगा पोटातच गेला होता.

“पोरगा हुता,” सासू दुसऱ्यांदा म्हणाली.

मी दातांची डॉक्टर असले तरी एवढं शिकले होते. सूज, डोकेदुखी, अंधारी. हाताला पट्टा बांधून रक्तदाब बघायला दोन मिनिटं लागतात. सिस्टरच्या खोलीत तो पट्टा टेबलावरच असायचा. ‘नुस्तं सिस्टरकडं,’ मामा म्हणाले होते.

राजकन्येने उशाखाली हात घातला आणि एक गुलाबी कागद काढला. चार घड्या घातलेला, पण कुठे न मळलेला.

“ही तुमची चिठ्ठी,” ती म्हणाली. “द्यायची राहूनच गेली. तुमी म्हन्ला हुता, हरवू नका म्हनून. जिल्ह्याला नेताना जरा सुद आली तवाबी मी सासूबाईस्नी सांगितलं, माझी चिठ्ठी जपून ठेवा.”

मी चिठ्ठी घेतली. तिच्यावर माझंच अक्षर होतं. आल्याची वेळ दहा वाजून एक्केचाळीस मिनिटं. पुढचे तिन्ही चौकोन कोरे. मग आणखी काही बोलणं झालं, आणि पाचच्या गाडीने मी परत निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दाराशी स्टूल पुसत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“मामा, तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“काय?”

“गाडीचं. आणि ती गुरुवारची बाई, तिला सूज होती म्हणून.”

मामांनी फडकं झटकलं. “सांगत हुतो की पहिल्या दिशी. तुमी म्हन्ला, कारन नको.” बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग त्यांनी विचारलं, “काय झालं तिचं?”

मी सांगितलं. मामा त्या स्टुलावर बसले. हातातल्या फडक्याची घडी घालून ते गुडघ्यावर ठेवलं.

“मी तरी कामून ऐकलं तुमचं?” ते म्हणाले. “तीस वर्सं झाली ह्या दारात. पोटुशी बाई मी कदी रांगेत ठिवली न्हाई. मी तिला नुस्तं दार उघडून आत ढकलायचं हुतं. तुमी काय करनार हुता मला? काय बी न्हाई.”

“मामा, चूक माझी आहे.”

“तुमची हायच,” ते म्हणाले. “पन दार माझ्या हातात हुतं.”

निमकर मॅडमना मी सगळं सांगितलं. म्हणजे गाडीचं, मामांच्या रांगेचं, एकतीस चिठ्ठ्यांचं, राजकन्येचं, त्या गुरुवारी मी वर न पाहता दिलेल्या उत्तराचंही. फोनवर मी रडत होते. मॅडम रडणं थांबेपर्यंत थांबल्या.

“आता दोन गोष्टी करता येतील,” त्या म्हणाल्या. “त्रेचाळीस गहाळ, असं एका ओळीत लिही आणि पंधरा दिवसांत खर्डा दे. कोणी विचारणार नाही. नाहीतर हे सगळं लिही. मग ते पाच दिवस बाद, अभ्यास नव्याने, आणि पदवी सहा महिने पुढे.”

“मी लिहीन, मॅडम.”

“विचार करून सांग.”

“केलाय.”

मी लिहिलं. घरी बोलणी खाल्ली, सहा महिने थांबले, पुन्हा त्याच रुग्णालयात गेले आणि पुन्हा पाच दिवस चिठ्ठ्या वाटल्या. या वेळी मामांना म्हणाले, “तुमची रांग तुम्ही लावा. मी फक्त बघते.” सरासरी वेळ निघाला एकशे नऊ मिनिटं, म्हणजे आधीपेक्षा अकरा मिनिटांनी जास्त. न परतलेल्या चिठ्ठ्या होत्या तीन. रांग सरळ करून मी अकरा मिनिटं वाचवली होती, आणि ती ज्यांच्याकडून वाचवली ते मोजणीतच उरले नव्हते. प्रबंधात त्यावर एक अख्खं प्रकरण आहे. संशोधकाने रांग मोजण्यासाठी ती बदलली, आणि बदललेल्या रांगेतून एक गर्भवती बाहेर फेकली गेली, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. माझ्या नावानिशी, माझ्या चुकीनिशी.

त्या प्रकरणाने माझं भलंच केलं. बाहेरून आलेले परीक्षक तोंडी परीक्षेत म्हणाले, “एवढा प्रामाणिकपणा मी विद्यार्थ्यांत क्वचित पाहिलाय.” मला परिषदेत ते वाचायला बोलावलं. पुढे त्याच संस्थेत नोकरी लागली, तीही बरीचशी त्या प्रकरणाच्या जोरावर. आज मी पदव्युत्तर वर्गाला संशोधनपद्धती शिकवते, आणि दर वर्षी एक तास इंगोले मामांच्या रांगेवर घेते. मुलं भराभर लिहून घेतात. शेवटी एक प्रकारची शांतता पसरते, आणि ती पसरणार हे मला आता आधीच ठाऊक असतं. याची मला लाज वाटते, पण तास मी घेतेच.

यंदा तास संपल्यावर एक मुलगी थांबली. उस्मानाबादकडची, वर्गात कधी तोंड न उघडणारी.

“मॅडम, त्या बाईंना तुम्ही सांगितलंत का? रांगेचं?”

“प्रबंधात सगळं आहे,” मी म्हणाले.

“प्रबंध नाही, मॅडम. त्यांना.”

मी घड्याळ बघितलं आणि पुढचा तास आहे म्हणून सांगितलं. पुढचा तास नव्हता.

त्या घरात पुढे झालेलं बोलणं मी प्रबंधात लिहिलं नाही. निमकर मॅडमनाही सांगितलं नाही, मामांनाही नाही.

चिठ्ठी माझ्या हातात होती. सासू म्हणाली, “मी हिला म्हनत हुते, थांब. गाडी गेली तर गेली, साडेसहाच्या गाडीनं जाऊ. हिनंच ऐकलं न्हाई.”

“पोरगी साळंतून यायची हुती,” राजकन्या म्हणाली. “घरी कोनीच नव्हतं.”

“पोरीला शेजारनीनं घेतलं असतं.”

“हे मला रोज ऐकिवत्यात,” राजकन्या माझ्याकडे वळून म्हणाली. “मालकबी तेच म्हनत्यात. तू थांबली असती तर लेकरू वाचलं असतं म्हनत्यात. मॅडम, तुमी तितंच हुता. तुमाला म्हाईत आसंल. खरं सांगा. मी अजून थोडं थांबले असते, तर लागला असता का माझा नंबर?”

ती अगदी साधं विचारत होती. सासूही हातातली शेंग तशीच धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या घरात शनिवारपासून जे चाललं होतं त्याचा निवाडा त्या दोघींनी माझ्यावर सोपवला होता.

मला उत्तर पाठ होतं. एकशे अठरा नंबर मामांनी एक वाजून पस्तीस मिनिटांनी पुकारला होता. कोणी आलं नाही म्हणून त्याच मिनिटाला एकशे एकोणीस आत गेला होता, त्याच्या चिठ्ठीवर ती वेळ होती. गाडीनंतर पंचवीस मिनिटं. पण त्याआधी बारा वाजून सोळा मिनिटांनी त्यांनी तिच्यासाठी माझ्याकडे परवानगी मागितली होती, आणि मी ती दिली नव्हती, हेही मला पाठ होतं. एवढं एकच वाक्य त्या खोलीत बोलायचं होतं. माझ्या तोंडात ते आलंही होतं.

“हो,” मी म्हणाले. “लागला असता.”

“बघ,” सासू म्हणाली. “म्याडमबी तेच म्हनत्यात.”

राजकन्येने मान खाली घातली. थोड्या वेळाने ती भिंतीचा आधार घेत उठली, स्टोव्ह पेटवला आणि माझ्यासाठी चहा ठेवला. तुम्ही एवढ्या लांब आलात, म्हणाली. मी तो चहा प्याले.